भांडणाच्या पट्टीनं राखलेलं रान

आयर्लंडमध्ये दोन मराठी माणसं पहिल्यांदा भेटली की एक प्रश्न ठरलेला असतो: "फार्मा की चिप?" गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत मला तो दर वर्षी कुणीतरी विचारतं. माझी बायको वैशाली पश्चिमेकडच्या मेयो परगण्यात, कासलबारच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे, एवढं सांगून काही वेळ निभावतं, कारण डॉक्टर हा इथला तिसरा मान्यताप्राप्त प्रकार. पण तुम्ही स्वतः काय करता, असं विचारलं की माझी पंचाईत होते. "झाडं," मी म्हणतो. "अच्छा, लँडस्केपिंग," समोरचा म्हणतो. लिक्सलिपच्या चिप-कारखान्यातल्या एका इंजिनिअरनं तर त्याच्या मागच्या अंगणातलं लॉन पिवळं का पडतंय हेही विचारून घेतलं.

लॉनमधलं मला फारसं कळत नाही. खासगी मालकीची रानं कायमची राखण्याचे करार करून घेणं हे माझं काम. आमची संस्था लहान आहे. एक वकीलबाई, एक हिशेबनीस, मी आणि चिखलानं माखलेली एक गाडी.

पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकल्यावर मी काही वर्षं भोर-मुळशीकडच्या देवरायांची नोंद करत हिंडलो होतो. तिथे झाड राखायला कागद लागत नसे. फांदी तोडली तर देव कोपेल, एवढं पुरे. इथेही पऱ्यांची समजली जाणारी जुनी टेकाडं आहेत आणि त्यांवरच्या काटेरी झाडाला भलेभले हात लावत नाहीत, पण पऱ्यांचा धाक टेकाडापुरताच. बाकीच्या झाडांसाठी वकील लागतो.

बाहेरून आलेल्याला आयर्लंड हिरवंगार दिसतं. मलाही विमानातून दिसलं होतं. उतरल्यावर कळलं की तो हिरवा बहुतेक गवताचा, आणि उरलेला ओळीत लावून कापायच्या पाइन-स्प्रूसचा. जुनं, आपोआप वाढलेलं ओकचं रान इतकं थोडं की त्यातल्या प्रत्येकाचा मालक शोधून त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसणं शक्य आहे. मी तेच करतो. चहा पितो, ब्राउन ब्रेड खातो, आणि हळूहळू विषय काढतो.

आता करार काय असतो ते सांगतो. आपल्याकडे वहिवाट सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या शेतातून माझ्या विहिरीवर जायची वाट असेल, तर तुम्ही शेत विकलं तरी माझी वाट राहते. नवा मालक ती नांगरू शकत नाही. आमचा करार त्याच कुळातला, फक्त उलटा. इथे हक्क चालण्याचा नसून न तोडण्याचा. मालक रान विको, मुलाला देवो, गहाण टाको. जो कुणी पुढे मालक होईल त्याच्या गळ्यात ते वचन आपोआप पडतं. मालकी त्याची, कुऱ्हाड मात्र आमच्या कुलपात.

यात एक मेख आहे. इथल्या कायद्यात असं वचन हवेत लटकत ठेवता येत नाही. त्याचा फायदा लगतच्या कुठल्यातरी जमिनीला व्हायला हवा, आणि ती जमीन वचन घेणाऱ्याची असायला हवी. म्हणजे एखादं रान बांधून ठेवायचं, तर त्याला खेटून असलेला एखादा तुकडा आमच्या संस्थेच्या नावावर पाहिजे. बहुतेक मालक आपल्याच रानाचा एक कोपरा आम्हाला देतात आणि काम होतं.

नोराबाईंनी तो द्यायला नकार दिला.

त्यांना सगळं गाव नुसतं नोरा म्हणे. ऐंशीच्या बाईला नावानं हाक मारायला माझी जीभ रेटत नसे. म्हणून इथे तरी नोराबाई लिहितो. लग्न केलेलं नव्हतं. उभं आयुष्य गावचं पोस्ट चालवलं, पोस्ट बंद झाल्यावर तळ्याकाठचं घर आणि मागचं ओकचं रान सांभाळत राहिल्या. रान म्हणजे काय! शेवाळानं मढलेले, एकमेकांवर रेललेले ओक, त्यांच्या फांद्यांवर फर्न, खाली हेझल आणि हॉलीची झुडपं. पहिल्यांदा आत शिरलो तेव्हा मी बोलायचं विसरलो. नोराबाई काठीवर टेकून माझ्याकडे बघत होत्या. "पुरे," त्या म्हणाल्या, "तोंड मीट, डास जातील."

जमीन त्या आपल्या भाच्याला, डेक्लनला देणार होत्या. तो ऑस्ट्रेलियात पर्थला असतो, परत येणार नाही आणि विकणार, हे त्याला, त्यांना आणि मलाही माहीत होतं. "रक्ताचा आहे, त्याला द्यायलाच पाहिजे," त्या म्हणाल्या. "पण रान उभं राहिलं पाहिजे. आणि त्याचा तुकडा पाडायचा नाही. माझ्या वडिलांनी मरताना तेवढं एकच सांगितलं. टाचेएवढाही नाही."

मी नकाशा उघडला. एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला सरकारी रस्ता, तिसरीकडे खुद्द त्यांचं घर. उरलेल्या चौथ्या बाजूला एकच शेजारी, टॉमी जो नावाचा मेंढपाळ. त्याच्याकडून कोपरा मिळाला असता तर प्रश्न सुटला असता. पण टॉमी जो आणि नोराबाई एकमेकांशी बोलत नव्हते. त्यांचे वडीलही बोलत नव्हते. नोराबाई पोस्टात बसायच्या त्या काळात टॉमी तिकिटं आणायला पुढच्या गावाला जायचा. त्या त्याला 'खालचा' म्हणत, तो त्यांना 'वरची' म्हणे.

इथे मी जे केलं ते महाराष्ट्रातून आलेला माणूसच करू जाणे. मेंढ्या रानात घुसून ओकची रोपं कुरतडत होत्या, म्हणून आधी कुंपण घालून टाकू असं मी ठरवलं. नोंदणी कार्यालयाचा नकाशा घेतला, यंत्र लावून रेषा काढली आणि माणसं लावून खांब रोवले. आपल्याकडे सरकारी मोजणी झाली, खुणेचे दगड गाडले की निदान कागदावर तरी बांध ठरतो. मी त्याच भरवशावर होतो. या देशात नकाशावरची रेषा फक्त अंदाजे असते, खरी हद्द जमिनीवर, दगडमातीच्या जुन्या बांधात आणि माणसांच्या आठवणीत असते, हे मला वाचून माहीत होतं. माहीत असून मी ते मनावर घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर सगळे खांब उपटून, नीट रचून, रस्त्याच्या कडेला ठेवलेले. एकही मोडलेला नाही. त्या नीटपणाचीच मला जास्त भीती वाटली.

वैशालीला सांगितलं. ती म्हणाली, "अरे, तू बांध कोरलास त्याचा. मग तो काय करणार?"

तिचं ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षानुवर्षं कसंबसं निवलेलं भांडण मी एका दिवसात पेटवलं होतं, आणि त्याचा जाळ रानालाच लागणार होता. नोराबाईंची तब्येत उतरत होती. नर्सिंग होमचं नाव निघायला लागलं होतं. त्यांच्या हातून सही झाली नाही, तर रान डेक्लनकडे मोकळंच जाणार आणि त्याच्याकडून कुणाकडेही. मी टॉमीकडे माफी मागायला गेलो.

तो शेडमध्ये मेंढ्यांना जंताचं औषध पाजत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "तो नकाशावाला तूच ना? मग हिला धर." मी मेंढी धरली. मग दुसरी. कळप संपेपर्यंत मी माफी मागत होतो आणि तो औषध पाजत होता. शेवटी तो म्हणाला, "मागून झाली का? चल, आता दाखवतो."

त्यानं मला नकाशाच्या रेषेच्या आत, झाडांत नेलं. तिथे खरंच एक जुना बांध होता, शेवाळानं इतका झाकलेला की मी त्यावर उभा असूनही मला तो कळला नव्हता. बांध आणि नकाशाची रेषा यांच्यामध्ये खोलीभर रुंदीची एक लांबट पट्टी. लव्हाळं, दलदल, आल्डरची चार झाडं. टॉमीच्या मते हद्द बांधाची, म्हणून पट्टी त्याची. नोराबाईंच्या मते हद्द रेषेची, म्हणून पट्टी त्यांची. टॉमीच्या बापानं खुणेचा दगड हलवून ती खाल्ली, असं त्यांच्या घरचं म्हणणं.

"हिच्यासाठी एवढं?" मी न राहवून विचारलं.

"हिच्यासाठी कोण भांडतंय? हिच्यात मेंढी रुतते. माझी म्हणून मान्य झाली, तर उद्या तुला देऊन टाकीन. पण तिच्या बापानं माझ्या बापाला चॅपलच्या दारात, सगळ्या गावासमोर चोर म्हटलं. माझा बाप त्यानंतर कायम मागच्या बाकावर बसला."

मी तिथेच चिखलात उभा राहिलो. टॉमीला त्यात विशेष काही वाटलं नसेल, पण त्यानं मला सगळ्या कोड्याचं उत्तर दिलं होतं. ती पट्टी टॉमीची आहे असं नोराबाईंनी मान्य केलं, तर त्यांच्या रानाचा तुकडा पडत नाही, कारण मग ती त्यांच्या रानाची कधी नव्हतीच. टॉमी ती आम्हाला देईल. आणि रानाला खेटून असलेली, आमच्या नावावरची जमीन म्हणजे तीच. आमच्या वकीलबाईंना फोन केला तेव्हा त्या आधी खूप वेळ हसल्या आणि मग म्हणाल्या की दोघांनी सह्या करून हद्द कायम करून घेता येते, करून घेऊ.

टॉमीची अट एकच होती, आणि ती कागदानं भागणारी नव्हती. "चार लोकांत बोललेलं चार लोकांतच परत घ्यावं लागतं," तो म्हणाला. त्या शरद ऋतूत 'स्टेशन्स'ची पाळी त्याच्या घरी होती. मेयोतल्या खेड्यांत ही जुनी रीत अजून आहे: पाळीपाळीनं एकेका घरी पाद्री येतात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर प्रार्थना होते, वाडीतली सगळी घरं जमतात आणि मग खाणंपिणं. आपल्या सत्यनारायणासारखंच, फक्त पाळी चुकवता येत नाही आणि त्या निमित्तानं घराला रंग लागतो. नोराबाई इतरांच्या घरी जात, टॉमीच्या घरी कधी गेल्या नव्हत्या. आता त्यांनी यावं आणि बोलावं.

मी नोराबाईंना सांगितलं. केटल उकळून आपोआप बंद झाली तरी उठल्या नाहीत. वडिलांचा एक शब्द राखायचा तर दुसरा गिळायचा होता, आणि हा पेच मी त्यांच्या टेबलावर आणून ठेवला होता. कुणी म्हणेल, तुझं कामच ते. असेल. पण समोर बसलेल्या म्हातारीचा चेहरा पाहताना कामाचा आधार वाटत नाही.

त्यात मी आणखी एक गोष्ट लावून धरली: डेक्लनला आधी कळवायचं. "मेल्यावर कळेलच की," नोराबाई म्हणाल्या. कायद्यानं त्याला विचारायची गरज नव्हती, आमच्या वकीलबाईंचंही तेच मत. पण माणसाचे हात त्याच्या पाठीमागे बांधायचे, हे माझ्या गळी उतरेना. मी अडून बसलो. त्या आठवडाभर माझा फोन घेईनात. मग एक दिवस बोलावून घेतलं, माझ्यादेखत पर्थला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

डेक्लननं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे मी विकू शकतो, तोडू शकत नाही. घेणाराही तोडू शकत नाही."

"हो," नोराबाई म्हणाल्या.

"मग घेईल कोण?"

"झाडं आवडणारा."

"झाडं आवडणाऱ्यांकडे काही नसतं, नोरा." मग म्हणाला, "आधी विचारलं असतंस तर बरं वाटलं असतं."

"आत्ता विचारतेच आहे."

"विचारत नाहीयेस. सांगते आहेस."

"बरं, सांगते आहे," त्या म्हणाल्या. पलीकडून हसल्यासारखा आवाज आला. "कर तुला हवं तसं. तुझंच आहे," तो म्हणाला. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

स्टेशन्सच्या संध्याकाळी मी नोराबाईंना गाडीनं टॉमीकडे घेऊन गेलो. येणार की नाही हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं; दारात कोट घालून उभ्या होत्या, एवढंच. टॉमीच्या घराला ताज्या रंगाचा वास येत होता. आम्ही आत गेल्यावर टॉमीच्या बायकोनं त्यांना चुलीजवळची खुर्ची दिली. प्रार्थना झाली. सँडविच फिरले, हॅमचे, आणि माझ्यासाठी आठवणीनं अंड्याचे. हवापाण्याच्या, मेंढ्यांच्या भावाच्या, मेयो फुटबॉलमध्ये हरल्याच्या गप्पा सुरू झाल्या आणि मला वाटलं, झालं, आता ही वेळ टळली.

तेवढ्यात नोराबाई हातात कप घेऊन उभ्या राहिल्या.

"माझ्या वडिलांनी चॅपलच्या दारात एक गोष्ट सांगितली होती," त्या म्हणाल्या. आवाज पोस्टाच्या खिडकीतला, कोरडा. "इथल्या निम्म्यांनी ती ऐकली आहे आणि बाकीच्यांनी ऐकल्याचं ऐकलं आहे. टॉमी जोच्या वडिलांनी दगड हलवला नाही. बांधापलीकडची पट्टी या घराची आहे, आणि पहिल्यापासून होती."

टॉमी टेबलापलीकडे उभा होता. त्याचे कान लाल झाले होते. तो पुढे आला आणि त्यानं त्यांच्या हातातला कप घेतला.

"हा गार झाला, नोरा," तो म्हणाला. "दुसरा ओततो."

परत येताना गाडीत माझ्यानं राहवलं नाही. खरं काय होतं, मी त्यांना विचारलं. मी त्यांना खोटं बोलायला लावलं असेल तर मला ते माहीत असायला हवं होतं.

"मला माहीत नाही," नोराबाई म्हणाल्या. "वडिलांनाही नव्हतं. ते माहीत नसताना एवढं ठासून बोलले, मग एकदा मीही बोलले. गाडी नीट चालव."

हिवाळ्याच्या आत सगळं पार पडलं. हद्दीवर दोघांच्या सह्या झाल्या, टॉमीनं पट्टी आमच्या संस्थेला दिली, नोराबाईंनी रानाचं वचन दिलं आणि ते जमिनीच्या नोंदीवर चढलं. त्या दिवशी वकीलबाईंच्या ऑफिसात टॉमी आणि नोराबाई शेजारी शेजारी बसून माझ्या कुंपणाची चेष्टा करत होते. कुंपण मग टॉमीनंच घातलं, त्याच्या बाजूनं, त्याच्या मेंढ्यांना अडवायला.

नोराबाई गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. जमीन पुढे कुणी घेतली ते आधीच सांगून टाकतो: कासलबारची एक नर्स आणि तिचा मधमाश्या पाळणारा नवरा. डेक्लनला रान मोकळं असताना मिळालं असतं त्यापेक्षा कमी मिळालं. त्यानं तक्रार केली नाही, पण मला ते बोचतं, आणि बोचत राहील. कुणाचंच नुकसान न करता रान वाचवायची युक्ती मला अजून सापडलेली नाही.

पण त्या दोघांच्या आधी एक कंपनी आली होती, आणि तो दिवस सांगितल्याशिवाय हे लिहिणं पुरं होणार नाही. त्यांना जागा आवडली होती. ओक काढून तळ्यासमोर सुट्टीची घरं बांधायची होती. नोंदीवर आमचा करार पाहून त्यांच्या वकिलानं मला फोन केला, की हे काढायचं तर कुणाशी बोलायचं. आमच्याशी, मी म्हटलं, आणि काढायचं नाहीये. त्यांचा विश्वास बसेना. जागेवर भेटू म्हणाले. मी टॉमीला कळवलं, कारण कळवलं नसतं तरी तो आलाच असता.

चकचकीत बूट घालून तिघं आले. बुटांचं पुढे काय झालं ते सांगत नाही; रस्त्याची बाजू सोडून मी त्यांना पट्टीतूनच आत नेलं. रानात पोचल्यावर तेही गप्प झाले, जसा मी झालो होतो. कुंपणामुळे मेंढ्या आत येईनाशा झाल्या होत्या आणि थोरल्या ओकांच्या मधल्या मोकळ्या उजेडात पोटरीएवढी, गुडघ्याएवढी ओकची पिल्लं उभी होती. त्यांच्यातल्या साहेबांनी वकिलाकडे पाहिलं. वकिलानं सांगितलं की बंधन पक्कं आहे. लगतच्या जमिनीच्या मालकानं सोडलं तरच सुटेल.

"आणि लगतची जमीन कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"आमची," मी म्हणालो. "आत्ता तुमचे पाय जिथे रुतले होते ती."

"हे किती काळासाठी आहे? काहीतरी मुदत असेल ना."

मी करारातलं कलम आठवून सांगणार, तेवढ्यात टॉमी मध्ये पडला. त्यानं एका थोरल्या ओकवर हात ठेवला होता, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

"हे मरेल तेव्हा या," तो म्हणाला. "मग या धाकट्यांना विचारू."

साहेबांना हसू आलं, हे त्यांच्या बाजूनं नमूद करायला हवं. त्यांनी आमच्याशी हात मिळवला, गाडीत बसले आणि गेले. पुन्हा फोन आला नाही. टॉमी कुंपणाची तार ताणून बघत घराकडे वळला. मी कासलबारपर्यंत गाडीच्या काचा खाली करून, बेसूर, मोठमोठ्यानं गात आलो. वैशाली दारात उभी होती. वळणापासून ऐकू येतंय म्हणाली, आणि काय झालं ते तिनं विचारलंच नाही. तिला कळलं होतं.